पिंपरीतील जर्मनची शिकवणी: हाउगपासून हेडफोनपर्यंत

पिंपरीच्या मोरवाडी चौकात पाच मिनिटे उभे राहिले तरी एखादा टेम्पो समोरून जातोच. कधी भाजीचा, कधी घरसामानाचा, भाद्रपदात गणपतीचा. हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो परका असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. प्रत्यक्षात ‘टेम्पो’ हे हाम्बुर्गमधील हारबुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे नाव. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांनी त्या कारखान्याशी तांत्रिक करार केला आणि तीनचाकी ‘हान्झेआट’ गाडी भारतात तयार होऊ लागली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली. पुढे हे काम पिंपरीच्या शेजारी आकुर्डीला आले आणि ‘बजाज टेम्पो’ हे नाव घराघरांत पोहोचले. जर्मनीत ती तीनचाकी बंद पडल्यावरही भारतात ती कितीतरी वर्षे धावत राहिली. हारबुर्गचा तो कारखाना आज जर्मनीतच फारसा कोणाच्या स्मरणात नाही. त्याचे नाव मात्र मराठीत सामान्यनाम होऊन बसले आहे.

शब्द आला, पण भाषा आली नाही. जर्मन यंत्रांच्या सहवासात अर्धशतक काढलेल्या पिंपरीत जर्मन भाषा शिकण्याची लाट उसळली ती अगदी अलीकडे, आणि तीही वर्गांपेक्षा अधिक घराघरांतल्या मोबाईलच्या पडद्यावर, एकास एक अशा खासगी शिकवणीतून. ही शिकवणी नवी वाटते, पण पुणे आणि जर्मनी यांच्यातील देवाणघेवाणीचा आरंभच मुळी खासगी शिकवणीने झाला होता. फरक इतकाच की तेव्हा शिष्य जर्मन होता आणि गुरू पुण्याचा.

१८५९ साली मार्टिन हाउग नावाचा बत्तीस वर्षांचा विद्वान पुण्यास आला. तो वुर्टेमबर्गमधील ओस्टडोर्फ या खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातला. पुढे डेक्कन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या पूना कॉलेजात संस्कृतच्या अध्ययनाची देखरेख त्याच्याकडे होती. वेद त्याने युरोपात ग्रंथांतून वाचले होते; यज्ञ मात्र कधी पाहिला नव्हता. ऐतरेय ब्राह्मणाचे भाषांतर करताना शब्द कळत, कृती कळत नसे. अखेर त्याने एका श्रौतीला राजी केले. इतर वैदिकांचा विरोध असतानाही त्या श्रौतीने हाउगच्या आवारात, लोकांच्या नजरेआड, सारे विधी क्रमाने करून दाखवले, आणि हाउगने त्याबद्दल पैसे मोजले. १८६३ मध्ये मुंबईत छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हाउगने ही हकीकत स्वतःच नोंदवली आहे. फी घेऊन, घरी येऊन, एका विद्यार्थ्यापुरती दिलेली शिकवणी याहून वेगळी काय असते?

हाउग १८६६ मध्ये परतला आणि त्याच वर्षी फ्रान्झ कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात रुजू झाला. तो पंधरा वर्षे राहिला. शास्त्र्यांजवळ बसून त्याने पाणिनीय परंपरा आत्मसात केली, नागोजीभट्टांचा परिभाषेन्दुशेखर इंग्रजीत आणला आणि पतंजलीच्या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १८७० साली त्याने इंग्रजीत लिहिलेले संस्कृत व्याकरण इथल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडले. पुण्याच्या शास्त्र्यांकडून शिकलेले व्याकरण पुण्याच्याच मुलांना जर्मन माणसाच्या पुस्तकातून शिकावे लागले, हा त्या काळाचा एक विलक्षण विरोधाभास.

प्रवाहाची दिशा विसाव्या शतकाच्या आरंभी पालटली. केंब्रिजला गणित शिकलेले विष्णु सीताराम सुखठणकर संस्कृतच्या ओढीने बर्लिनला गेले आणि हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली त्यांनी शाकटायनाच्या व्याकरणावर जर्मनमध्ये प्रबंध लिहिला. पाठभेद तपासून मूळ संहितेपर्यंत पोहोचण्याची तेथील शिस्त त्यांनी १९२५ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी वापरली. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या असमानतेवर जर्मनमध्ये प्रबंध लिहून १९३० साली डॉक्टर झाल्या. वंशश्रेष्ठतेचा सिद्धान्त ज्या संस्थेत मुरत होता, तेथेच बसून त्यांनी कवटीच्या ठेवणीचा आणि वंशाचा तसा संबंध नसल्याचे मोजमापांनिशी दाखवले. परक्या भाषेत प्रबंध लिहिणे कठीण. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच्याच भाषेत लिहिणे त्याहून कठीण.

या मालिकेत एक नाव सहसा घेतले जात नाही. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असलेल्या भीमराव आंबेडकर यांना जातीमुळे ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. ज्या संस्कृतचे पाठ शास्त्र्यांनी हाउग आणि कीलहॉर्न यांना दिले, ते महाराष्ट्रातल्या एका मुलाला मिळाले नाहीत. जर्मन भाषेने मात्र त्यांची जात विचारली नाही. कोलंबिया विद्यापीठात ती शिकलेल्या आंबेडकरांनी १९२१ मध्ये लंडनहून बॉन विद्यापीठाला प्रवेशासाठी जर्मनमध्ये पत्र लिहिले. ते पत्र आजही त्या विद्यापीठात जपलेले आहे. पुढे त्यांचे अध्ययन लंडनमध्येच पूर्ण झाले. पण कोणती भाषा कोणाला मिळते, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक पिढीत वेगळे आले आहे.

पिंपरी या कथेत १९५४ नंतर येते. त्या वर्षी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना येथे उभा राहिला आणि मागोमाग माळरानांवर शेड उभ्या राहू लागल्या. १९६० मध्ये फ्रांकेंथालच्या के.एस.बी. कंपनीचा पंपांचा उद्योग आला. साखर कारखान्यांची यंत्रे बनवणारी बुकाउ-वोल्फ पिंपरीतच स्थिरावली; ती पुढे थिसेनक्रुपच्या नावाने ओळखली जाऊ लागली. टेल्कोने डाइमलर-बेंझशी १९५४ मध्ये केलेला करार जमशेदपूरच्या कारखान्यासाठी होता. टेल्को १९६६ मध्ये पिंपरीत आली आणि तीनच वर्षांत तो करार संपला. १९९० च्या दशकात मर्सिडीज-बेंझ मोटारींची जुळणी सुरू झाली तीही टेल्कोच्याच पुण्यातील आवारात.

या साऱ्या काळात जर्मन कोणाला लागत होती? प्रशिक्षणासाठी जर्मनीस पाठवल्या जाणाऱ्या मोजक्या अभियंत्यांना, आणि दुभाष्यांना. कारखान्याच्या मजल्यावर मराठी आणि हिंदी, कार्यालयात इंग्रजी, असा सरळ हिशेब होता. जर्मन शिकण्याची ठिकाणे पुणे शहरात होती: फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आणि बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्स म्युलर भवन. पिंपरीहून तेथे जायचे म्हणजे जायला तासभर, यायला तासभर, आणि पाळी आठवड्याला बदलणारी. पहिल्या पाळीचा कामगार संध्याकाळच्या वर्गाला एक आठवडा जाऊ शकतो, दुसऱ्या आठवड्यात तो दुसऱ्या पाळीत असतो. जर्मन कंपनीत यंत्र चालवणाऱ्या माणसाला जर्मन शिकता आली नाही याचे कारण त्याची कुवत नव्हती. कारण वेळापत्रक होते.

२००९ मध्ये फोक्सवागनचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि मर्सिडीजही तेथेच गेली. मागणी वाढली. पण खरा बदल दोन वेगळ्याच गोष्टींनी घडवला. एक म्हणजे २०१६ नंतर कमालीचे स्वस्त झालेले मोबाईल इंटरनेट. दुसरे, मार्च २०२० मधील टाळेबंदी. वर्ग बंद झाले, शिक्षक घरी बसले, आणि बोट क्लब रस्ता व बोऱ्हाडेवाडी यांच्यातले अंतर एकाएकी नाहीसे झाले. टाळेबंदी उठली तरी हे अंतर परत आले नाही. रात्री साडेअकराला दुसऱ्या पाळीहून परतलेल्याला रविवारी सकाळची वेळ देणारा, पाळी बदलली की तास सरकवणारा शिक्षक वर्गात मिळत नव्हता, पडद्यावर मिळाला. जर्मनीत राहणारा मराठी शिक्षकही चालतो. उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक लक्षात ठेवला की झाले.

दूरस्थ भाषाशिक्षणाचा एक आद्य प्रयोगही जर्मनीतलाच, हा योगायोग येथे नोंदवण्यासारखा आहे. १८५६ मध्ये बर्लिनच्या गुस्टाफ लांगेनशाइट याने शार्ल तूसँ या फ्रेंच शिक्षकाच्या साहाय्याने टपालाने फ्रेंच शिकवणारी पत्रमालिका काढली. प्रकाशक मिळेना म्हणून त्याने स्वतःच प्रकाशनसंस्था काढली. ऐकायला शिक्षक नाही, म्हणून शब्दांचे उच्चार चिन्हांनी लिहून दाखवायचे, ही त्याची युक्ती होती. पिंपरीतला विद्यार्थी वहीत जर्मन शब्दाखाली देवनागरीत ‘डास मेडशेन’ असे लिहून ठेवतो, तेव्हा तो नकळत तीच युक्ती वापरत असतो.

आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला एक लाभ असतो, ज्याची जाणीव बहुतेक इंग्रजी पुस्तके करून देत नाहीत. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत: डेअर, डी, डास. इंग्रजीतून शिकणारा येथेच अडखळतो. मराठी माणसाकडे तो, ती, ते आधीपासून आहेत; हिंदी भाषकाकडे नपुंसकलिंग उरलेले नाही. ते घर, ते पुस्तक, ते मूल: जर्मनमध्येही ही तिन्ही नपुंसकच. ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसक कशी, असा प्रश्न जगभरचे विद्यार्थी विचारतात. मराठीत ‘ते पोरगं’ सहज म्हटले जाते. अर्थात हे साम्य सर्वत्र टिकत नाही. मराठीत दार नपुंसक, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. खिडकीचे नेमके उलट. म्हणून लिंगे पाठ करावीच लागतात, पण तिसऱ्या लिंगाची कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

संख्यांचेही तसेच. जर्मन माणूस एकवीसला ‘एक-आणि-वीस’ म्हणतो. एकक आधी, दशक नंतर, अगदी मराठीसारखे. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! जर्मनीतही अशाच बदलाची मागणी करणारी एक संस्था आहे आणि तिचे नावच ‘वीसएक’ अशा अर्थाचे आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला जर्मन आकडे इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यापेक्षा लवकर जमतात, आणि आयटीआयच्या वर्गात ‘इंग्रजी कच्चे’ म्हणून मागे बसलेल्याला ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हेही त्याला परके नसते. चांगला खासगी शिक्षक नेमका येथे उपयोगी पडतो: समोरच्याची मातृभाषा ओळखून वाट जवळची करणे हे छापील पाठ्यपुस्तकाला शक्य नसते.

पण या शिकवणीचा सगळा भार आता परीक्षेवर आहे. ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्या युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या. तेव्हा त्या शिक्षकांच्या सोयीसाठी होत्या. हळूहळू त्या सीमेवरच्या चौक्या झाल्या. ऑगस्ट २००७ पासून, काही वर्गांची सूट वगळता, जर्मनीत राहणाऱ्या जोडीदाराकडे जाण्यासाठी ए-१ अनिवार्य झाले. परिचारिकेला साधारणपणे बी-२ लागते. मार्च २०२० मध्ये अमलात आलेल्या कायद्याने पदवी नसलेल्या, पण व्यावसायिक प्रशिक्षण घेतलेल्या कामगारांनाही दार अधिक उघडले. म्हणजे सुखठणकरांच्या काळात ग्रंथालयाची किल्ली असलेली भाषा आता फिटर, इलेक्ट्रिशियन आणि परिचारिका यांच्या पारपत्राची सोबतीण झाली.

अशा वेळी शिकवणीचा बाजार कसा वागतो हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही. ऑनलाइन जर्मन शिकवायला कोणताही परवाना लागत नाही. बी-१ उत्तीर्ण झालेला दुसऱ्या महिन्यात बी-१ शिकवू लागतो. ‘तीन महिन्यांत बी-२’ अशा जाहिराती दिसतात. रोज काम करून उरलेल्या वेळात शिकणाऱ्याला बी-२ पर्यंत पोहोचायला साधारण वर्ष-दीड वर्ष तरी लागते. फी आगाऊ, पावती नाही, आणि परीक्षेत बोलण्याचा भाग आला की विद्यार्थी गप्प, कारण शिकवणीत शिक्षकच बोलत होता. हाउगने श्रौतीला पैसे दिले तेव्हा त्याला निदान आधी ग्रंथ पाठ होते. श्रौती चुकला असता तर ते त्याच्या ध्यानात आले असते. नवख्या विद्यार्थ्याकडे शिक्षकाला पारखण्याचे असे साधन नसते. दागिने गहाण ठेवून जमवलेली रक्कम चुकीच्या उच्चारांवर खर्च झाली, हे त्याला निकालाच्या दिवशीच कळते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवण्याचे आणि त्यांना शासकीय खर्चाने जर्मन शिकवण्याचे त्यात ठरले. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला द्यावयाच्या व्हिसांची संख्या वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा केली. घोषणा आणि प्रत्यक्ष प्रस्थान यांच्यामध्ये भाषेची परीक्षा आहे, आणि ती घोषणेने उत्तीर्ण होता येत नाही. शासकीय वर्गाची वाट न पाहता पिंपरी-चिंचवडमधील कितीतरी तरुण रात्री कानाला हेडफोन लावून डेअर-डी-डास घोकत आहेत.

बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी श्टुटगार्ट, मर्सिडीज तिथलीच. तिथून दक्षिणेला, सुमारे साठ-सत्तर किलोमीटरवर, ओस्टडोर्फ आहे. संस्कृत शिकायला पुण्यास आलेला मार्टिन हाउग याच खेड्यातून निघाला होता.