काचेच्या पेटीतील उष्ण कटिबंध

उष्ण कटिबंधातील सुकुमार वनस्पती इंग्लंडच्या शीत भूमीत जगविणे हा अठराव्या शतकात प्रायः उमरावांचाच षोक होता; कारण काचगृह, हिवाळाभर धगधगणारी भट्टी आणि तिच्यावर नेमलेला माळी यांचा खर्च सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरचा असून, त्यात सरकारने काचेवर वजनाच्या हिशेबाने कर बसविला होता. ही स्थिती पालटण्यास निमित्त झाला तो नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचा लंडनचा एक वैद्य. धुराने काळवंडलेल्या परसात नेचे लावून थकलेल्या या गृहस्थाने १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला असता, त्या मातीतून नेचा व गवत उगवलेले त्यास दिसले. बाष्प काचेवर घनीभूत होऊन पुन्हा मातीत उतरे, आणि धूर आत शिरतच नसे! १८३३ मध्ये याच तत्त्वावर बनविलेल्या काचेच्या बंद पेट्यांतून पाठविलेली रोपे सिडनीस सुखरूप पोहोचली. १८४५ मध्ये काचेवरील कर उठला आणि मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत या पेट्या विराजमान झाल्या. पुढे तर नेच्यांचे वेड इतके बळावले की, सुसंस्कृत म्हणविणाऱ्या हौशी मंडळींनी डेव्हनमधील रानांतून दुर्मिळ नेचे मुळांसकट उपटून नेले.