'मॅटर-ऑफ-फॅक्ट' : एका विशेषणाची कुळकथा

जो मनुष्य कल्पनेच्या वाऱ्यासहि उभा राहत नाहीं, केवळ घडलेल्या व हातीं आलेल्या गोष्टींचाच व्यवहार पाहतो, त्यास इंग्रजींत 'मॅटर-ऑफ-फॅक्ट' असें विशेषण लावितात. त्यांत स्तुतीबरोबर थोडी कुरकुरहि असते. परंतु या सामासिक शब्दाचें कूळ शोधूं गेल्यास तें बाजारपेठेंत न सांपडतां न्यायमंदिरांत सांपडतें.

'फॅक्ट' हा शब्द लॅटिन 'फॅक्टम्', म्हणजे 'केलेलें कृत्य', यावरून आला. सोळाव्या शतकांतील इंग्रजींत त्याचा अर्थ 'कृत्य', आणि पुष्कळदां 'दुष्कृत्य', असा होता. कायदेपंडितांनीं खटल्यांतील प्रश्नांचे दोन भाग पाडले. काय घडलें, हा 'मॅटर ऑफ फॅक्ट'. घडलेल्यास कायदा कोणता लागू, हा 'मॅटर ऑफ लॉ'. दुसऱ्याचा निर्णय न्यायाधीशाचा. पहिल्याचा बारा नागरिकांच्या ज्यूरीचा.

ही वांटणी किती मोलाची होती, तें १६७० सालीं दिसून आलें. विल्यम पेन व विल्यम मीड या क्वेकर पंथीयांवर लंडनच्या रस्त्यांत बेकायदा जमाव जमविल्याचा आरोप होता. ज्यूरी त्यांस दोषी ठरवीना. न्यायासनानें तिला अन्नपाण्यावांचून कोंडलें व शेवटीं दंड केला. एडवर्ड बुशेल या ज्यूररनें दंड न भरतां तुरुंग पत्करला. त्याच्या अर्जावर मुख्य न्यायाधीश वॉन यांनीं निवाडा दिला कीं, ज्यूरीचा निर्णय न्यायाधीशास पटला नाहीं, एवढ्यावरून तिला शिक्षा करतां येत नाहीं.

त्याच काळांत, १६६० सालीं स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीच्या विद्वानांनीं हा शब्दप्रयोग प्रयोगशाळेंत रुळविला. कोणाच्याहि शब्दावर विसंबूं नये, हें त्यांचें ब्रीद. रॉबर्ट बॉइल आपले वायुपंपाचे प्रयोग साक्षीदारांसमक्ष करून दाखवी.

अठराव्या शतकाच्या आरंभीं या शब्दसमूहाचें विशेषण झालें. प्रथम त्याचा अर्थ 'वस्तुस्थितीस धरून असलेलें' एवढाच होता. शतक सरतां सरतां 'रुक्ष' ही छटा त्यास चिकटली. १८५४ सालीं डिकन्सनें 'हार्ड टाइम्स'मध्यें 'फॅक्ट'चाच जप करणारा ग्रॅडग्राइंड रंगवून या वृत्तीची भरपूर थट्टा केली.

ती थट्टा योग्यच होती. तथापि काय घडलें, हें सत्ताधीशाच्या मर्जीवरून नव्हे तर पुराव्यावरून ठरावें, हा या शब्दामागील मूळ आग्रह आहे. आणि त्या रुक्ष वाटणाऱ्या आग्रहासाठींच बुशेल तुरुंगांत गेला होता.