दृश्य चिन्ह आणि अदृश्य अर्थ



जोहान्नेस स्कोटस एरियुजेना हा मूळचा आयरिश तत्त्वज्ञ. नवव्या शतकात तो फ्रँक राजा चार्ल्स याच्या (इतिहासाने त्याला 'टकला' हे बिरुद चिकटविले आहे) आश्रयास आला. प्रभुभोजनातील भाकरी प्रत्यक्ष ख्रिस्तदेह की त्याचे चिन्ह, हा वाद तेव्हा पेटला होता. या दृश्य भाकरीपलीकडे ज्यांना काहीच दिसत नाही, त्यांचे मत एरियुजेनाने अमान्य केले. त्याच्या मते ती अदृश्य सहभागाची खूण होय. दैवाचा खेळ असा की, 1050 साली व्हेर्चेल्लीच्या धर्मपरिषदेने या विषयावरील एक ग्रंथ त्याचा समजून निषिद्ध ठरविला. तो होता कॉर्बीच्या रात्रामनुसचा!

हा प्रश्न सुरतेला परका नाही. येथील इंग्रजी शाळेत शिकविणारे आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी 1844 साली दुर्गाराम मेहताजींसह याच शहरात मानवधर्मसभा स्थापिली. ईश्वर एक, मनुष्यजाती एक, ही तिची भूमिका. पुढे 1849 च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. तीत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. मला हा विधी प्रभुभोजनाचा उलटा आरसा वाटतो. तेथे भाकरी मनुष्यास मंडळीत घेते. येथे पाव त्यास जातीबाहेर नेतो. म्हणजे कर्मकांड नाकारणाऱ्यांनाही एक संस्कार लागलाच! परंतु तो गुप्त होता, आणि माझ्या मते तेथेच त्याचे बळ खचले. पाव खाल्ला, पण खाल्ला असे चारचौघांत म्हणवेना. 1860 साली सभासदांची नावे बाहेर फुटण्याची वेळ आली, तेव्हा सभाच विसर्जित झाली. खुणेचा अर्थ उघडपणे सांगता येत नसेल, तर तिला खूण तरी कसे म्हणावे?

दादोबांचे चिंतन मात्र थांबले नाही. स्वीडनचा तत्त्वज्ञ स्वीडनबोर्ग याचे ग्रंथ त्यांनी वाचले. त्याच्या मते प्रभुभोजनातील भाकरी म्हणजे प्रेमाचे शुभ व द्राक्षरस म्हणजे ज्ञानाचे सत्य. बाप्तिस्मा स्वतः कोणास श्रद्धा वा तारण देत नाही. एरियुजेनाचाच सूर हजारएक वर्षांनी पुन्हा उमटला, असे म्हणावयास हरकत नाही. या वाचनावर दादोबांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1878 साली लंडनला छापले गेले. त्याच्या नावातच लेखक स्वतःस 'हिंदू गृहस्थ' म्हणवितो. 1882 साली दादोबा वारले; बाप्तिस्मा त्यांनी घेतला नव्हता.