नव्वद सेंटिमीटरचा रुमाल

आपल्याकडे ‘रुमाल’ या शब्दाचा पसारा बराच मोठा आहे. मूळ फारसी शब्द, अर्थ तोंड पुसायचं फडकं. पण आपले आजोबा-पणजोबा डोक्याला बांधायचे तोही रुमालच. आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद ज्या कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणतात. शाळेत हे सांगितलं की मुलं खूप हसायची. इतिहास रुमालात बांधून ठेवलेला असतो ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटे.

आज लिहायचं आहे ते मात्र निराळ्या रुमालाविषयी. पॅरिसच्या एर्मेस या पेढीचा रेशमी रुमाल, ९० सेंटिमीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद. फ्रेंच लोक त्याला नुसतं ‘कारे’ म्हणतात, म्हणजे चौकोन. जगभरात हे रुमाल जमवणारे लोक आहेत. कुणी गळ्यात बांधतं, कुणी चित्रासारखे चौकटीत घालून भिंतीवर लावतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या भाचीने असा एक जुना रुमाल दाखवला, तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. त्याची किंमत ऐकून मी गप्प बसलो. पण नंतर विचारलेल्या एका प्रश्नाने मला अजून सोडलेलं नाही. हे चित्र काढलं कुणी?

हा प्रश्न फ्रान्सच्याही आधी आपल्या देशात विचारायला हवा. इंग्रजीत ठिपक्यांच्या मोठ्या रुमालाला ‘बंडाना’ म्हणतात. हा शब्द आपल्या बांधणीशी नातं सांगतो. कापडाला दोऱ्याने गाठी मारायच्या, रंगात बुडवायचं, गाठी सोडल्या की मूळ रंगाचे ठिपके उमटतात. बंगालमधल्या कासिमबाजार-मुर्शिदाबाद भागातले असे रेशमी रुमाल अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने विलायतेत ढिगाने नेले. तिथे तपकीर ओढणाऱ्यांची त्यावर फार मर्जी, कारण गडद रंगावर डाग दिसत नाहीत! (आपल्याकडच्या तपकीरबहाद्दरांना हे वेगळं सांगायला नको.) इंग्लंडच्या विणकरांचं पोट राखण्यासाठी तिथल्या पार्लमेंटने १७०० साली कायदा करून पूर्वेकडचं रेशीम अंगावर घालायला बंदी केली. तरी चोरट्या मार्गाने रुमाल येतच राहिले. पुढे ग्लासगोच्या मॉन्टीथ नावाच्या कारखानदाराने १८०२च्या सुमारास सुती कापडावर तसेच ठिपके यंत्राने उमटवायला सुरुवात केली. मॉन्टीथचं नाव पुस्तकांत आहे. गाठी मारणाऱ्या बंगाली बाया-बाप्यांपैकी एकाचंही नाही.

आता पॅरिसकडे वळू. एर्मेस ही मुळात घोड्यांचं सामान करणारी पेढी, थिएरी एर्मेस याने १८३७ साली काढलेली. लगाम, खोगीर, साज हा त्यांचा धंदा. मोटारी आल्या आणि घोडे गेले, तेव्हा या घराण्याने खोगिराचा टाका पिशव्यांना घातला आणि शंभराव्या वर्षी, १९३७ साली, पहिला रेशमी चौकोन बाजारात आणला. त्याचं चित्र घरच्या जावयाचं, रोबेर द्युमा याचं. सासरे एमिल एर्मेस जुन्या वस्तू जमवायचे, त्या संग्रहातल्या एका जुन्या खेळाच्या पटावरून त्याने ते रचलं. मध्ये एका वर्तुळात खेळायला बसलेली प्रतिष्ठित मंडळी आणि त्यांच्याभोवती गोल फिरणाऱ्या, घोड्यांनी ओढलेल्या बसगाड्या. घोडे रस्त्यावरून गेले ते रुमालावर येऊन बसले, असं मला ते चित्र पाहताना वाटलं. आपल्या मुंबईतही १८७४ ते १९०५ घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्यांचा असा रुमाल कुणी काढला नाही याची चुटपुट लागते.

छपाईचं काम लियों शहराकडे. हे रेशमाचं गाव. उंच छतांच्या घरांत माग आणि संसार एकत्र असत. जाकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इथेच पुढे आणला. मजुरीच्या दरासाठी इथल्या विणकरांनी १८३१ आणि १८३४ साली बंड केलं आणि लष्कराच्या गोळ्या खाल्ल्या. नंतर किड्यांना रोग लागून फ्रान्सची रेशीमशेती बसली. १८६५ साली लुई पाश्चर त्याच रोगाचा तपास करायला दक्षिणेत गेला होता. आज एर्मेसचं कच्चं रेशीम ब्राझीलमधून येतं, आणि तिथे ही शेती रुजवली जपानी स्थलांतरितांनी. एका रुमालाला सुमारे ३०० कोष लागतात असं सांगतात. एका कोषाचा धागा दीड किलोमीटर धरला तर ४५० किलोमीटर होतात, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या तिप्पट. आणि रुमालाचं वजन जेमतेम ६५ ग्रॅम!

पण खरी गंमत आहे रंगांची वाटणी करण्यात. चित्रकार कागदावर प्रत्यक्ष मापाचं चित्र देतो. ते जसंच्या तसं कापडावर येत नाही. प्रत्येक रंगाला जाळीची वेगळी चौकट लागते, आणि एकेका चित्राला तीस-चाळीस चौकटी लागू शकतात. कोणता ठिपका कोणत्या चौकटीत जाणार, घोड्याच्या पाठीवरची छटा किती रंगांत तोडायची, हे ठरवून प्रत्येक रंगाचं चित्र वेगळं काढणारा एक खोदकाम करणारा कारागीर असतो. या कामाला शेकडो तास जातात. एक चौकट केसभर सरकली तर घोड्याचा डोळा गालावर येईल. मग लांबच लांब टेबलावर रेशीम ताणून एकामागून एक रंग देतात. त्यानंतर वाफ देऊन रंग पक्का करायचा, धुवायचं, वाळवायचं, कापायचं. शेवटी कड. ती बोटांनी आत वळत वळत हातानेच शिवतात. वळण चित्राच्या बाजूला घेतात, पाठीमागे नाही. यंत्राची सपाट शिवण दिसली की जाणकार रुमाल खाली ठेवून देतात. हाताचे टाके किंचित कमी-जास्त पडलेले असतात, आणि तीच अस्सलपणाची खूण मानतात. शिवणाच्या वहीत आम्ही याच कारणासाठी मुलींचे गुण कापायचो!

आता नावाचा प्रश्न. रुमालावर पेढीचं नाव ठळक असतं. चित्रकाराची सही असली तर कुठेतरी पानाफुलांत, लगामाच्या वळणात दडलेली. ह्युगो ग्रिगकार हा १९४०-५०च्या दशकांतला त्यांचा मोठा चित्रकार. १९५७ सालचा, दोन लगाम समोरासमोर मांडलेला प्रसिद्ध रुमाल त्याचाच. तो अजून पुन्हापुन्हा नव्या रंगांत निघतो. पण ग्रिगकारच्या कितीतरी रुमालांवर त्याची सहीच नाही. त्याच सुमारास लंडनमध्ये अगदी उलटं घडत होतं. झिका आशर आणि त्याची पत्नी लिडा हे प्राग शहराचं जोडपं १९३९ साली मधुचंद्रासाठी नॉर्वेला गेलेलं असताना त्यांचा देश हिटलरने गिळला. ते लंडनला आले, कापडाच्या धंद्यात पडले आणि युद्धानंतर थेट मातीस, हेन्री मूर अशा कलावंतांकडून रुमालांची चित्रं करून घेतली. १९४७ साली ती एका कलादालनात चित्रांसारखी टांगली होती. तिथे रुमाल विकला जात होता तो चित्रकाराच्या नावावर. म्हणजे नाव आधीच मोठं असेल तर छापायचं, नाही तर पानाफुलांत. हा न्याय मला तरी पटत नाही.

आणि म्हणूनच कर्मिट ऑलिव्हरची गोष्ट सांगायची आहे. १९४३ साली टेक्ससमध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय चित्रकार, गुरं राखणाऱ्या काउबॉयचा मुलगा. ह्यूस्टनच्या विद्यापीठात जॉन बिगर्स या नामवंत कलावंताच्या हाताखाली शिकला. एर्मेसला अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागाचा विषय मांडणारा कुणी हवा होता, तेव्हा तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या मालक-घराण्यातल्या माणसाने याचं नाव सुचवलं. १९८०च्या दशकात पॉनी या मूळ अमेरिकन जमातीच्या सरदाराचा त्याचा रुमाल आला, मग टेक्ससच्या पशुपक्ष्यांचा आणि वनस्पतींचा, मध्यभागी रानटर्की असलेला. असे सोळा-सतरा झाले. पॅरिससाठी चित्रं काढणारा हा पहिला अमेरिकन. आणि या सगळ्या काळात तो वेको नावाच्या गावी टपालखात्यात नोकरीला होता. रात्रपाळीला पत्रं वेगळी करायची आणि दिवसा चित्र काढायचं. शेजारी टेबलावर बसणाऱ्यांच्या घरातल्या कुणाच्या गळ्यात असा रुमाल असण्याची शक्यता कमीच होती.

लोकांना यात काव्य दिसतं. मला हिशोब दिसतो. महिन्याचा पगार आणि पुढे पेन्शन असेल तर चित्र कुणाच्या मर्जीने काढावं लागत नाही. आपल्याकडे केशवसुत शाळामास्तर होते, नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते. ऑलिव्हर प्रसिद्धीपासून लांबच राहिला. २००५ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयाने त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आता जमवणारे लोक त्याच्या नावाने रुमाल शोधतात.

२०११ साली एर्मेसने मुंबईत हॉर्निमन सर्कलला दुकान उघडलं आणि त्याच वर्षी साड्याही काढल्या. पैठणीच्या देशात! भाचीला मी म्हटलं, पुढच्या वेळी येशील तेव्हा येवल्याला जाऊ. एकेका पैठणीमागे माणूस महिनोन् महिने मागावर बसतो, आणि खोक्यावर नाव दुकानदाराचं असतं. ती म्हणाली, मामा, तिथे विणकरालाच विचारू या. म्हटलं, विचारू, आणि पदराच्या आतल्या कोपऱ्यात त्याचं नाव विणून देईल का तेही विचारू. तिच्या रुमालावर भिंग धरून आम्ही दोघांनी सही शोधली. कोपऱ्यातल्या गवतात सापडली. चौकटी पाडणाऱ्याची आणि कड शिवणाऱ्याची मात्र नाही सापडली.