वितळलेल्या शिंगावरचे क्रियापद

४ मे १८०२ च्या रात्री कोपनहेगनच्या राजसंग्रहातून सोन्याची दोन शिंगे चोरीला गेली. नील्स हाइडनराइख या सोनाराने ती वितळवली. पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला, पण तोवर शिंगांचे नामोनिशाण उरले नव्हते. दोन्ही शिंगे दक्षिण जटलंडमधल्या गालेहुसची. लांब शिंग १६३९ मध्ये सापडले, आखूड १७३४ मध्ये. आखूड शिंगाच्या काठावर रून लिपीत एक ओळ कोरलेली होती. आज ती वाचायची तर आधार फक्त जुन्या नकलांचा. त्यांपैकी योआकिम पाउली याचे चित्र १७३४ मधलेच आहे.

हे शिंग आपण घडवले, असे ह्लेवागास्तिझ नावाचा माणूस त्या ओळीत सांगतो. काळ इसवी सन ४०० च्या आसपासचा. शेवटचा शब्द ‘तविदो’, म्हणजे ‘मी केले’.

मूळ वस्तू नष्ट झाल्यावर नकलेवर विश्वास का ठेवायचा? कारण तिला स्वतंत्र साक्षीदार आहेत. जटलंडमधल्या इलेरुपच्या दलदलीतून ढालीच्या मुठीचा एक भाग मिळाला. तो सुमारे इसवी सन २०० चा असून त्यावर ‘निथियो तविदे’, म्हणजे ‘निथियोने केले’, असे कोरले आहे. झीलंड बेटावरच्या गार्बोले येथील लाकडी पेटीवर हागिरादाझ या नावापुढे पुन्हा ‘तविदे’ येते. ‘मी’ म्हणून बोलणाऱ्याच्या क्रियापदाला ‘ओ’, तिसऱ्याविषयी बोलताना ‘ए’. या दोन्ही वस्तू विसाव्या शतकात हाती आल्या. हा फरक पाउलीला कळणे शक्यच नव्हते. तरीही त्याच्या नकलेत ‘ओ’ बिनचूक उतरला आहे.

तिसरी साक्ष शिंगावरच्या भाषेशी नाते असलेल्या गॉथिक भाषेची. वुल्फिलाने चौथ्या शतकात बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली सहाव्या शतकातली प्रत उप्साला येथे आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात, उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये असे जिथे सांगितले आहे, तिथे ‘करतो’ यासाठी ‘तौयिथ’ हे रूप येते. त्याचा भूतकाळ ‘तविदा’.

या पुराव्यांची सांगड घालून भाषाशास्त्रज्ञ या भाषांच्या सामाईक पूर्वजभाषेतले, म्हणजे आद्य-जर्मानिकमधले, ‘*तव्यनँ’ हे रूप मांडतात. शब्दाआधी तारा लावलेला असतो; असे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, एवढेच तो सांगतो.

पुढे ‘करणे’ हा व्यापक अर्थ इतर क्रियापदांनी बळकावला आणि या घराण्याला कारागिरांकडे आसरा मिळाला. जुन्या इंग्रजीतल्या ‘तावियन’चा अर्थ तयार करणे, कमावणे. आजच्या इंग्रजीतला ‘टॉ’ म्हणजे तुरटी-मीठ लावून कातडे कमावणे. डच ‘टाउवन’ही चामड्याच्याच धंद्यातला. अवजारासाठीचा इंग्रजी ‘टूल’ याच धातूतून निघालेला.

शिंग चोराला वितळवता आले, क्रियापद नाही. एकमेकांना कधीही न भेटलेल्या लेखनिकांच्या आणि कारागिरांच्या साक्षी इतक्या नेमक्या जुळतात, म्हणूनच तारा लावलेला हा शब्द कल्पनाविलास ठरत नाही. तो इतिहासाचा निष्कर्ष आहे.