मुरमाड माळावरची वर्तुळे

नागपूरहून काटोलच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात जुनापाणीचा माळ येतो. प्रथम गेलो तेव्हा मला तिथे धोंड्यांखेरीज काही दिसले नाही. विदर्भात धोंड्यांना तोटा तो कसला! पण ऊन कलले, सावल्या लांबल्या आणि विखुरलेले धोंडे वर्तुळाकार उभे असल्याचे ध्यानात आले. अशी सुमारे ३०० वर्तुळे तिथे आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांवर १८७९ साली निबंध छापला. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध रीतीने खणली.

ही लोहयुगातली दफने, इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. मृताबरोबर काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर ठेवीत. माहुरझरीला तर घोडेही सापडले, तोंडावर तांब्याचे अलंकार ल्यालेले. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली.

पण ओळखायचे कसे? आधी जागा पाहावी. काळ्या रानात ही वर्तुळे क्वचितच; मुरमाड, नापीक माळ, जवळपास ओढा, अशी जागा असते. मग धोंडे. शेतकरी बांधावर टाकतो ते लहानमोठे, कसेही. इथले मोठे आणि रिंगण धरून बसलेले. आत लहान दगडगोट्यांची आणि मातीची भर, म्हणून मधला भाग किंचित फुगलेला. खळेही गोलच असते, पण ते सपाट. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर तर वाटीएवढे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत.

ते खळगे पाहिले आणि माझ्या पोटात गोळा आला. असाच एक धोंडा माझ्या मामांच्या विहिरीच्या कठड्यात आहे! त्याच्या खळग्यांत चिंचोके टाकून आम्ही पोरे खेळत असू. तो तिथे आला कसा, तेही मला ठाऊक होते. माळावरच्या टेकाडाभोवतीचे धोंडे मामांनी खाचरातून आणले, तेव्हा पहार घेऊन पुढे नाचणारा मीच. मामांना तरी काय बोल लावावा? विहीर ढासळत होती आणि दगड फुकट होता.

गेल्या दिवाळीत मामेभावाबरोबर तिथे गेलो. धोंडा एक उरलेला नाही. तांबूस मुरमात काळपट मातीचा गोल डाग तेवढा आहे, गोट्यांनी भरलेला, जेमतेम गुडघाभर उंच. भाऊ म्हणाला, "दादा, पहार आणू का? पाहू तरी काय निघते." मी त्याचा हात धरला. भांडे कुठे होते, हाड कोणत्या दिशेला होते, हे नोंदणाऱ्यानेच खणावे. आपण खणले तर खापरे हाती येतील आणि माणूस हरवेल. पुरातत्त्व खात्याला पत्र लिहायचे ठरले. मसुदा मीच केला. पहारीची हकीकत त्यात घालावी की नाही, यावर बराच वेळ अडलो, शेवटी घातली.

भाऊ टेकाडाकडे पाहत उभा होता.

"ते येईतो हे नांगरू का नको?"

"नको," मी म्हणालो.

"आणि विहिरीतला दगड?"

त्याला मात्र मला चटकन उत्तर देता आले नाही.