कृषी अवशेषांद्वारे रंजक अधिशोषण

पिकांच्या काढणीनंतर किंवा शेतमालावरील प्रक्रियेनंतर उरणाऱ्या टाकाऊ पदार्थांवर रासायनिक अथवा औष्णिक प्रक्रिया करून त्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेली रंजकद्रव्ये काढून घेण्याच्या पद्धतीस कृषी अवशेषांद्वारे रंजक अधिशोषण असे म्हणतात. भाताचा तूस, उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले, दाणे काढलेली मक्याची कणसे, गव्हाचे काड, कपाशीच्या पऱ्हाट्या, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि संत्री व केळी यांच्या साली हे यासाठी अभ्यासले गेलेले प्रमुख पदार्थ होत. लाकडाचा भुसा काटेकोरपणे शेतीतील अवशेष नसला, तरी या विषयावरील लेखनात तो सहसा याच गटात धरला जातो. सक्रियित कार्बनला स्वस्त पर्याय शोधणे हा या संशोधनाचा मूळ हेतू आहे.

पार्श्वभूमी

विल्यम हेन्री पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये मॉव्ह हा कृत्रिम रंग तयार केला आणि तेथून संश्लेषित रंजकांचा उद्योग सुरू झाला. धुण्याने, उन्हाने किंवा घामाने रंग जाऊ नये, अशाच बेताने या रंजकांची रचना केलेली असते. नेमका हाच गुण सांडपाण्यात उपद्रवी ठरतो. जिवाणूंच्या साहाय्याने चालणाऱ्या नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात सेंद्रिय घाण पुष्कळ कमी होते, पण रंग बराचसा तसाच राहतो. काही रंजके लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी असली तरी डोळ्यांना दिसतात. गडद पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नाही व पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण मंदावते. ॲझो वर्गातील काही रंजकांचे ऑक्सिजनविरहित स्थितीत विघटन झाल्यास ॲरोमॅटिक अमाइने तयार होतात. त्यांपैकी बेंझिडीन मानवात कर्करोग घडवते, हे सिद्ध झाले आहे.

कोळशाने द्रावणाचा रंग जातो, हे योहान टोबियास लोविट्झ यांनी १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दाखवून दिले होते. आजचा सक्रियित कार्बन त्याच तत्त्वावर चालतो. एका ग्रॅमला ५०० ते १,५०० चौरस मीटर इतके त्याचे अंतर्गत पृष्ठक्षेत्रफळ असते. तो परिणामकारक आहे, परंतु महाग आहे, आणि प्रत्येक पुनरुज्जीवनात त्याचा काही भाग नष्ट होतो.

कार्यतत्त्व

अधिशोषणात रंजकाचे रेणू पाण्यातून घन पदार्थाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतात. रंजक नष्ट होत नाही, त्याची जागा बदलते. वनस्पतिजन्य अवशेष मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचे बनलेले असतात. त्यांच्यावरील हायड्रॉक्सिल व कार्बॉक्सिल गटांमुळे पृष्ठभागास सामान्यतः ऋण विद्युत् भार प्राप्त होतो. त्यामुळे मिथिलीन ब्लू, मॅलाकाइट ग्रीन, क्रिस्टल व्हायोलेट यांसारखी धनभारित रंजके त्यांवर सहज बसतात. पाण्याचा सामू जसा वाढतो, तसा हा ऋणभार वाढतो; आम्लधर्मी पाण्यात हायड्रोजन आयन रंजकांशी जागेसाठी स्पर्धा करतात.

अवशेषांवरील प्रक्रिया

कच्चा अवशेष धुऊन, वाळवून व दळून तसाच वापरता येतो, परंतु त्यातील टॅनिन व इतर विद्राव्य पदार्थ पाण्यात उतरतात. मग एक रंग काढताना दुसरा तपकिरी रंग पाण्यात येतो आणि पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणीही वाढते. हा दोष टाळण्यासाठी फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया करतात. तिने हे पदार्थ अवशेषातच जखडले जातात. हरियाणातील हिसार येथील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाकडाच्या भुशावर फॉर्माल्डिहाइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांची वेगवेगळी प्रक्रिया करून मॅलाकाइट ग्रीनचे अधिशोषण तपासले होते. सल्फ्युरिक आम्ल वनस्पतिजन्य पदार्थातील पाणी ओढून घेऊन त्याचे अंशतः कार्बनीकरण करते.

सोडियम हायड्रॉक्साइडने मेण, हेमिसेल्युलोज व काही लिग्निन निघून जाते, तंतू फुगतात आणि सेल्युलोज उघडे पडते. सायट्रिक आम्लासह तापवल्यास त्याचे रेणू सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी एस्टर बंधाने जोडले जातात व पृष्ठभागावर नवे कार्बॉक्सिल गट येतात. धनभारित रंजकांसाठी हा उपाय विशेष गुणकारी आहे. याउलट ऋणभारित रंजकांसाठी चतुर्थक अमोनियम गट बसवून पृष्ठभागाचा भारच उलटवावा लागतो. फॉस्फरिक आम्ल किंवा झिंक क्लोराइडमध्ये भिजवून सुमारे ४०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजल्यास अवशेषापासून सक्रियित कार्बनच तयार होतो. भाताच्या तुसात सिलिका पुष्कळ असल्याने त्याच्या कार्बनमध्ये राखेचे प्रमाण अधिक राहते.

मापन

प्रयोगात ठरावीक वजनाचा अधिशोषक रंजकाच्या द्रावणात घालून हलवतात आणि द्रावणात उरलेला रंग वर्णपटमापकाने मोजतात. मिथिलीन ब्लूसाठी हे मापन ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास होते. समतोलाची निरीक्षणे लँगम्यूर किंवा फ्रॉइंडलिख यांच्या समीकरणांत बसवून दर ग्रॅमला किती मिलिग्रॅम रंजक धरले जाते, ती कमाल क्षमता काढतात. प्रत्यक्ष वापरासाठी मात्र स्तंभातून पाणी सतत वाहू देऊन किती वेळाने रंग पलीकडे निसटतो, हे पाहणे अधिक उपयोगी असते.

या आकड्यांचा अर्थ एका साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. दिवसाला १ लाख लिटर पाणी आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम रंजक असेल, तर रोज १० किलोग्रॅम रंजक काढावे लागेल. क्षमता ग्रॅमला १०० मिलिग्रॅम असल्यास त्यासाठी किमान १०० किलोग्रॅम अधिशोषक लागेल. ती २० मिलिग्रॅम असल्यास ५०० किलोग्रॅम. शिवाय पाणी जवळजवळ रंगहीन करायचे असेल, तर द्रावणातील रंजक विरळ होत जाते आणि कमाल क्षमता हाती लागत नाही.

प्रयोगशाळा आणि कारखाना

मिथिलीन ब्लू मोजण्यास सोपे व वनस्पतिजन्य पृष्ठभागावर चटकन बसणारे असल्याने असंख्य प्रयोग त्यावरच झाले आहेत. सुती कापड रंगवणाऱ्या कारखान्यांपुढील प्रश्न मात्र वेगळा आहे. तेथे १९५६ पासून बाजारात आलेली विक्रियाशील रंजके मोठ्या प्रमाणावर वापरली जातात आणि ती ऋणभारित असतात. त्यांचा १० ते ५० टक्के भाग धाग्यावर न बसता पाण्याशी विक्रिया होऊन वाया जातो. हे पाणी गरम, अल्कधर्मी आणि मिठाने किंवा सोडियम सल्फेटने भरलेले असते. शुद्ध पाण्यात विरघळवलेल्या मिथिलीन ब्लूसाठी मिळालेली उत्तम क्षमता अशा पाण्याला लावता येत नाही. म्हणून एखाद्या अवशेषाने ९५ टक्क्यांहून अधिक रंग काढल्याचा दावा वाचताना रंजक कोणते होते व पाणी कोठले होते, हे आधी पाहावे लागते.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असेही नाही. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथील रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे नोय्यल नदी व ओरतुपाळयम धरणाखालील शेती यांची जी हानी झाली, तिच्यात विरघळलेल्या क्षारांचा वाटा मोठा होता. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर शून्य द्रव विसर्गाच्या अटीवर, व्यस्त परासरण व बाष्पीभवन यांच्या आधारे उद्योग पुन्हा उभा राहिला. अधिशोषणाने मीठ जात नाही. अशा व्यवस्थेत त्याचा उपयोग पटलांपर्यंत पोहोचण्याआधी रंग कमी करणे एवढाच असू शकतो.

कच्च्या मालाची किंमत

अवशेष फुकट मिळतो, हे गृहीतकही सर्वत्र खरे नाही. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत उसाची चिपाडे बाष्पकात जाळून वाफ व वीज निर्माण केली जाते; काड जनावरांच्या वैरणीसाठी लागते; तुसाला इंधन म्हणून मागणी असते. विदर्भ व मराठवाड्यातील पऱ्हाट्या मात्र बऱ्याच ठिकाणी बांधावर किंवा शेतातच जाळल्या जातात. त्या विरळ पण आकाराने मोठ्या असल्याने त्यांची वाहतूक महाग पडते. त्यामुळे अवशेष आणि कारखाना जवळजवळ असतील, तेथेच हिशेब जुळण्याची शक्यता असते. यात प्रक्रियेसाठी लागणारे आम्ल, अल्क व धुण्याचे पाणी यांचा खर्चही धरावा लागतो.

वापरलेल्या अधिशोषकाची विल्हेवाट

रंग धरलेला ओला अवशेष हा स्वतःच घातक कचरा ठरू शकतो. आम्लाने, अल्काने किंवा अल्कोहोलने धुऊन रंजक परत सोडवता येते, पण मग ते दाट द्रावण उरते. तो जाळल्यास तांबे किंवा क्रोमियमयुक्त रंजकांतील धातू राखेत साचतात. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००० च्या सुमारास वेगळी वाट तपासली. रंजक शोषलेले गव्हाचे काड, मक्याच्या कणसांचे तुकडे व लाकडाच्या ढलप्या त्यांनी श्वेतकुज बुरशीला खाद्य म्हणून दिल्या. लिग्निनचे विघटन करणारी तिची विकरे रंजकांचेही विघटन करू शकतात आणि प्रथिनांनी समृद्ध झालेला उर्वरित पदार्थ जमिनीत घालता यावा, अशी त्यामागची कल्पना होती.